गाळलेला शब्द

शब्दबाईंच्या पायाला वारं लागलं तेव्हा वर्गातल्या सगळ्या खिडक्या बंद होत्या.

डाव्या टाचेतून निघालेली गार झुळूक पोटरीवर चढली आणि त्यांनी ती लगेच ओळखली. कित्येक वर्षांत जिने तोंड दाखवलं नव्हतं, ती आज आली होती. आणि यायचं तर आजच का यावं?

शब्दबाई हे मुलींनी ठेवलेलं नाव. नर्सिंगच्या मुलींना आजारांचे आणि अवयवांचे अवघड शब्द मुळात कुठून आले ते त्या शिकवत, आणि शिकवत मात्र झकास. मसल म्हणजे छोटा उंदीर, दंड फुगवला की कातडीखाली पळतो तो, असं त्यांनी सांगितलं की डुलक्या काढणारी मुलगीसुद्धा आपला दंड चाचपून बघे. नोकरी तात्पुरती होती. आज मागच्या बाकावर प्राचार्यबाई येऊन बसल्या होत्या. त्यांनी मान डोलावली तर कायम, नाहीतर घरचा रस्ता. मुली प्राचार्यबाईंना थर्मामीटर म्हणत, कारण त्या जवळ आल्या की ज्याला त्याला घाम फुटायचा.

शब्दबाईंना लहानपणी फिट्स येत. घराबाहेर कुणाला पत्ता नव्हता. आईने बजावून ठेवलं होतं, "वारं लागलं की आधी दार गाठ. चारचौघांत पडू नकोस, बाळा. एकदा लोकांनी बघितलं की मग ते तुझ्याकडे बघत नाहीत, तेवढंच बघतात." आईची माया खरी होती, पण सल्ला घातकी. एकदा असंच दार गाठून, आतून कडी लावून त्या न्हाणीघरात पडल्या आणि बेसिनवर हनुवटी फुटली. पुढे गोळ्यांनी दुखणं आवरलं. पण काल रात्री या तासाच्या तयारीपायी डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि जागरण म्हणजे या दुखण्याला आवतण. हे त्यांना ठाऊक नव्हतं असंही नाही.

आजचा धडा हवेच्या शब्दांचा होता. "मलेरिया म्हणजे वाईट हवा. लोकांना वाटायचं, दलदलीच्या घाणेरड्या हवेनं ताप येतो. डास बिचारा कितीतरी वर्षं नामानिराळा राहिला." मुली हसल्या. "आर्टरी, आपली धमनी. मेलेल्या माणसाच्या या नळ्या रिकाम्या दिसायच्या, म्हणून जुन्या वैद्यांना वाटलं, यांतून हवा वाहते. आणि आता अस्थमा, म्हणजे धापा टाकणं."

झुळूक गुडघ्यापाशी आली. फार तर एखादं मिनिट हातात होतं. पाणी पिऊन येते, असं म्हणत त्या दाराकडे वळल्या. कडीवर हातही गेला.

"मॅडम," पुढच्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, "पुस्तकात आर्टरीनंतर ऑरा आहे. तो राहिला."

राहिला नव्हता. दर वर्षी त्या तो शब्द अलगद गाळत. त्याच्या वाटेला जायचीच त्यांना भीती वाटे. त्यांनी कडीकडे पाहिलं, हनुवटीवरचा व्रण चाचपला, आणि हात खाली घेतला.

"ऑरा म्हणजे झुळूक," त्या म्हणाल्या. "जुनी गोष्ट सांगतात. फिट्स येणाऱ्या एका मुलानं वैद्यांना सांगितलं, आधी पायातून काहीतरी वर चढतं. दुसरा म्हणाला, गार झुळकीसारखं असतं ते. तोच शब्द राहिला. डॉक्टरांनी शोधलेला नाही मुलींनो, रोग्यानं दिलेला आहे." त्यांनी खडू खाली ठेवला. "ती झुळूक आत्ता माझ्या मांडीपर्यंत आली आहे."

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मी पडणार आहे. बाकं सरकवा. डोक्याखाली मऊ काहीतरी द्या. धरून ठेवू नका. तोंडात काही घालू नका, चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. झटके थांबले की कुशीवर वळवा. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर अ‍ॅम्ब्युलन्स."

त्या जमिनीवर बसल्या. गेली नोकरी, एवढं मनात आलं, आणि मग काहीच आलं नाही.

डोळे उघडले तेव्हा डोक्याखाली कुणाचा तरी स्वेटर होता. जीभ चावली गेली होती. शेजारी, फरशीवर, प्राचार्यबाई मांडी घालून बसल्या होत्या. शब्दबाईंना जरा भान येऊ दिल्यावर त्यांनी मुलींना बाहेर पाठवलं.

"दुखणं लपवलंत, ते मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण शब्द का लपवलात?"

शब्दबाई कशाबशा उठून भिंतीला टेकून बसल्या.

"मागच्या वर्षी तुमच्या हाताखालून गेलेली एक मुलगी वॉर्डात होती. रोगी तिला म्हणाला, सिस्टर, पायातून गार वारं चढतंय. तिनं काय करावं? खिडकी लावली, अंगावर पांघरूण घातलं आणि निघून गेली. माणूस खाटेवरून पडला. खुबा मोडला त्याचा. त्या मुलीला शब्दच ठाऊक नव्हता. म्हणून आज मी येऊन बसले होते, बाई कुठला शब्द गाळतात ते बघायला."

शब्दबाईंना रडू फुटलं. बेसिनवर हनुवटी आपटली तेव्हाही इतकं लागलं नव्हतं.

प्राचार्यबाईंनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाल्या, "आता घरी जाऊन झोपा. बऱ्या झालात की पहिला तास याच शब्दाचा. मागच्या वर्षीच्या मुलींनाही बोलावून घेते, त्या खिडकीवालीलाही. कायमचं काय ते त्यानंतर बघू."

आईचा फोन आला तेव्हा त्या अजून भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"कसा झाला गं तास?"

"आई, वारं लागलं होतं."

"दार गाठलंस ना?"

"नाही. वर्गातच पडले. सगळ्यांसमोर."

"अगं देवा! बघत बसल्या असतील सगळ्या."

"हो," शब्दबाई म्हणाल्या. "घड्याळ."