आधी मला गार होऊ द्या

माझ्या रंगावर जाऊ नका, तो माझा नाही. मी ट्रॅक्टर बोलतोय. अंगाने लहानच, पण नांगरणी असो, माल ओढणं असो की चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढणं असो, एकाही कामाला मी नाही म्हटलेलं नाही. ही फुशारकी आहे, आणि ती मला शोभते.

कारखान्यातून निघालो तो थेट मालकांच्या शेडमध्ये आलो. रोज सकाळी मालक बॉनेटवर तळहात ठेवायचे, "चल गड्या" म्हणायचे आणि मगच चावी फिरवायचे. चालू झालो तरी लगेच हाकायचे नाहीत. माझं अंग तापेपर्यंत शेजारी उभे राहून चहा प्यायचे. त्यांच्या हाताने बॉनेटवरच्या त्या जागेचा रंग पार उडाला होता. मला तो डाग पदकासारखा वाटायचा.

पुढे मालकांची नजर अधू झाली. एके दिवशी त्यांनी मला फाटकाच्या खांबावर नेऊन आदळलं. उतरून त्यांनी आधी मला चाचपलं, मग खांबाला, आणि आता आपण चालवायचं नाही हे स्वतःच ठरवलं. विकायचं, पण कामाला लावणाऱ्यालाच, एवढी त्यांची अट. रोपवाटिका चालवणाऱ्या एक बाई मला बघायला येणार होत्या. त्यांनी नाही म्हटलं तर संध्याकाळी भंगारवाला घेऊन जाईल, असं मालकांच्या जावयांनी बजावलं होतं. त्यांना शेड रिकामी हवी होती. भंगार हा शब्द ऐकून माझ्या टाकीतलं डिझेलच गोठलं.

जावईबापू मनाने वाईट नाहीत, फक्त उत्साह उतू जातो. त्या सकाळी त्यांनी मला नवरदेवासारखं सजवलं. गंजक्या नटबोल्टांनाही रंग दिला, टायरांना काळं पॉलिश फासलं, मागच्या चाकाजवळ गळणारं ऑइल पुसलं आणि ऐनवेळी फजिती नको म्हणून मला बराच वेळ चालू ठेवून मग बंद केलं. मी कडाक्याच्या थंडीतही पहिल्या झटक्यात चालू होणारा गडी. मला कसलं गरम करता?

बाई आल्या. रंगाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. वाकून इंजिनाजवळ हात नेला आणि तसाच मागे घेतला.

"सकाळी सकाळी कुठे जाऊन आला हा?"

"छे, उन्हाने तापलाय," जावई म्हणाले. मी शेडच्या सावलीत उभा होतो.

बाई परत फिरल्या. आधीचा ट्रॅक्टर असाच गरम करून कुणीतरी त्यांच्या गळ्यात मारला होता. दुसऱ्या दिवशी गार पडल्यावर तो जो बसला तो उठलाच नाही, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. मला ते फार लागलं. जन्मभर इमानाने राबायचं आणि शेवटी लबाड ठरायचं?

"तुम्ही गरम केलात याला?" मालकांनी जावयांना विचारलं.

"तुमचं काम व्हावं म्हणून केलं, मामा."

मालक बाईंच्या मागे दोन पावलं गेले. मग त्यांनी बाईंना हाक मारली. "ताई, थांबा. आधी त्याला गार होऊ द्या, मग तुम्हीच चालू करा. नाही झाला तर मी अडवणार नाही."

बाई थांबल्या, पण त्याही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी मला चालू करवून मागचा नांगर पार वर उचलायला लावला आणि तो अधांतरी असतानाच इंजिन बंद करवलं. नांगर उचलणारी लिफ्ट थकलेली असेल तर भार हळूहळू खाली येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खुर्च्या आल्या, चहा आला. मी नांगर पेलून उभा होतो.

तेवढ्यात मागच्या चाकाजवळून ऑइलचा थेंब पडला. जावयांनी हळूच त्यावर चप्पल ठेवली.

"एव्हाना थेंब पडला असेल बघा," मालक म्हणाले. "तिथलं सील जुनं झालंय, ताई. थोडं गळतं."

बाईंनी जावयांना बाजूला व्हायला सांगितलं, थेंब बोटावर घेऊन पाहिला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच हसल्या. आपलं दुखणं उघड्यावर आलं की लाज वाटेल, असं मला वाटलं होतं. उलट छाती फुगली.

जावईबापूंना मात्र स्वस्थ बसवेना. मी निवलो तसं त्यांनी उरलेला रंग आणला आणि बॉनेटवरच्या त्या झिजलेल्या जागेवर आणखी एक हात मारला. सकाळी तिथे रंग नीट बसला नव्हता.

इंजिन गार पडलं. नांगर जागचा हलला नव्हता. बाई स्वतः वर चढल्या आणि त्यांनी चावी फिरवली. मी एकदा खाकरलो, थोडा धूर सोडला आणि असा चालू झालो की शेडचे पत्रे थरथरले. मालक डोळे मिटून ऐकत होते.

"नेते मी याला," बाई म्हणाल्या. "सील बदलून घेईन."

"सकाळी लगेच दामटू नका त्याला," मालक म्हणाले. "थोडं तापू द्या." आणि सवयीने त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. रंग ओला होता. हात उचलला तेव्हा पाची बोटं तिथे उमटली होती. जावई फडकं घेऊन धावले, पण बाई मध्ये उभ्या राहिल्या.

आता मी रोपवाटिकेत माती आणि कुंड्या वाहतो. सील नवं आहे, थेंब पडत नाही. रोज सकाळी बाई त्या ठशावर हात ठेवतात आणि मगच चावी फिरवतात. त्यांचा हात लहान आहे, तो ठशाच्या आत मावतो.

पुढेमागे माझा रंग उडेल. खुशाल दुसरा द्या, तुम्हाला आवडेल तो द्या. फक्त बॉनेटवरची तळहाताएवढी जागा तेवढी सोडा.