जळकं तांबं

"हाऊच शे का तो चोर?"

धुळ्याच्या पोलिसांच्या सायबर कक्षातल्या बाकावरून बेबाबाईंनी थेट रुपचंदकडे बोट केलं. रुपचंदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरंडोलात तीस वर्षं पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरून देणाऱ्या माणसाला चोर म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

त्याचा मुलगा योगराज मस्कतला वेल्डर. बँकेतून पैसे धाडले की कमिशन कापलं जायचं, वर चार दिवस मोडायचे. म्हणून पोराने मोबाइलमधली डॉलरची नाणी पाठवली. त्यांचा भाव डॉलरला बांधलेला, चढायची-पडायची भानगड नाही, आणि दहा मिनिटांत पोच. रुपचंदने ती ॲपवर विकली. घेणाऱ्याने बासष्ट हजार खात्यात टाकले. नाण्यात खोट नव्हती, घेणाऱ्यात होती. ते पैसे त्याने वीज तोडायची धमकी देऊन निवृत्त अंगणवाडी सेविका असलेल्या शिंदखेड्याच्या या बेबाबाईंकडून उपटले होते. तो पसार झाला आणि पैशांचा माग काढत पोलिसांनी खातं गोठवलं रुपचंदचं. दीड महिना दुकानात नवी तार आली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

"मी कोनं काहीच लिधं नही, अक्का," तो दात आवळून म्हणाला. "मना पोऱ्याना घामना पैसा शेतस त्या."

"मंग मना काय फुकटना शेतस?"

बाईंचं खरं होतं, आणि त्याचाच रुपचंदला जास्त संताप आला.

पैसे बाईंना द्यायला हरकत नाही असं लिहून दिलंत तर कोर्टातून खातं लवकर मोकळं होईल, असं कक्षातल्या पोलीस साहेबांनी सांगितलं. तुमच्याकडे पुरावे आहेत, भांडायचं तर भांडा. पण वर्ष-दोन वर्षं धरून चाला.

मोटारीतून निघालेलं जळकं तांबं बाकीचे मेकॅनिक गुपचूप ठेवून घेत. रुपचंद ते काट्यावर तोलून गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकी. ज्याचं तांबं त्याचं, हा त्याच्या दुकानाचा कायदा. आज तोच कायदा त्याच्या मानगुटीवर बसला होता. स्वतःला शिव्या घालत त्याने सही केली. पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

बेबाबाई बाकावर सरकल्या. "बस, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या.

तो बसला नाही. खिशात फोन वाजला. पैसे मिळाले का, योगराज मस्कतहून विचारत होता.

"व्हयनं काम," रुपचंद खोटंच म्हणाला, आणि बाईंना चेहरा दिसू नये म्हणून भिंतीकडे वळला.