धरायची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मला हात नाहीत, गादी नाही. पाठ तेवढी उंच आणि सरळ आहे. एका वाचनालयासाठी सुताराने मला आणि माझ्या बहिणींना घडवले. पाय जोडून झाले की तो आम्हाला फरशीवर ठेवून तळहाताने हलवून बघे. एखादी डुलली की तिचा पाय पुन्हा तासायला घेई. "खुर्ची आहेस, पाळणा नाहीस," असे तिला बजावी.

वाचनालयातले दिवस सुखाचे होते. परीक्षेची मुले माझ्यावर मांडी घालून बसत, निवृत्त मंडळी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन डुलक्या काढत. पुढे वाचनालय नव्या इमारतीत गेले आणि तिथे स्टीलच्या खुर्च्या आल्या. आम्हाला जुन्या इमारतीच्या वरच्या सभागृहात एकीवर एक रचून ठेवले. पाय वर, डोके खाली. कोळ्यांना आमच्याइतकी सोयीची जागा कुठे मिळणार?

एके सकाळी तिथे एक उंच, पिकल्या केसांच्या बाई आल्या. त्यांनी पदर खोचला, आम्हाला पुसले आणि अंतर ठेवून रांगेत मांडले. त्या इस्पितळात हाडांच्या वॉर्डात परिचारिका होत्या. "पडलेली म्हातारी माणसं उचलण्यात माझी सगळी नोकरी गेली," त्या सांगत. "आता ती पडूच नयेत म्हणून थोडं बघते."

रोज सकाळी वृद्ध मंडळी त्यांच्या व्यायामाच्या वर्गाला जमू लागली. ती आमच्यावर बसत नसत, आमच्या मागे उभी राहून पाठ धरत. श्वास घेताना हात पाण्यातून उचलावा तसा वर न्यायचा, सोडताना तसाच खाली आणायचा. काठोकाठ भरलेले भांडे दुसऱ्याच्या हाती द्यावे, तसे अंगाचे वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर द्यायचे. मन घरच्या कटकटींकडे पळाले की त्याला तळपायाशी परत आणायचे. बाई सारख्या "हळू, अजून हळू" म्हणत. त्यामुळे सगळे त्यांना हळूबाई म्हणू लागले. त्यांना त्याचा रागही येत नसे.

मला लाभले कंडक्टर आजोबा. आयुष्यभर बसमध्ये तिकिटे फाडलेला हा माणूस न्हाणीघरात घसरून पडला होता. हाड मोडले नव्हते, पण धीर मोडला होता. घरी ते जरा उठू लागले की मुलगा धावत येई, "बाबा, तुम्ही बसा. काय हवं ते मी देतो." मुलगा प्रेमानेच म्हणे. बसून बसून आजोबांचे पाय काठीसारखे झाले होते.

त्यांच्या पत्नी, आमच्या आजी, त्यांना जबरदस्तीने घेऊन आल्या. आजोबा आले ते थेट माझ्यावर बसले.

"धावत्या बसमध्ये कशालाही न धरता उभा राहिलोय मी," ते हळूबाईंना म्हणाले. "आता खुर्चीची पाठ धरून उभं राहू? लोक हसतील."

"हसू देत. त्यांनाही श्वासाचा व्यायाम होईल," हळूबाई म्हणाल्या.

आजोबा हसले नाहीत, उठलेही नाहीत. असे बरेच दिवस चालले. मग एकदा आजी त्यांच्याजवळ वाकून हलक्या आवाजात बोलल्या. आजींची नजर जवळजवळ गेलेली होती.

"अहो, मला दिसत नाही, तुम्हाला तोल नाही. संध्याकाळी तुमचा हात धरून तळ्यापर्यंत जात होते, तेवढंच माझं बाहेरचं जग होतं. तुम्ही बसलात, म्हणजे मीही बसले. मी कधी म्हटलं नाही, पण आता राहवत नाही."

आजोबांनी गुडघ्यांवर हात रेटले, उठले आणि माझ्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांनी माझी पाठ दोन्ही मुठींत घट्ट आवळली.

हळूबाईंनी त्यांना भलती आशा दाखवली नाही. "यानं म्हातारपण जात नाही आणि गुडघेही नवे मिळत नाहीत," त्या म्हणाल्या. "रक्तदाबाची गोळीही सोडायची नाही. पण बहुतेकांचा तोल सुधारतो, झोप बरी लागते आणि मुख्य म्हणजे भीती उतरते."

ती उतरायला एक अख्खा उन्हाळा लागला. आधी मुठी सैल झाल्या. मग नुसता तळवा माझ्यावर टेकलेला असे, पुढे बोटांची टोके. एक दिवस त्यांनी हात काढला, पाऊल टाकले आणि ते झोकांडले. पण त्यांचा दुसरा पाय आपसूक पुढे पडला, हात माझ्या पाठीवर आला आणि मी जागची हलले नाही.

आजोबांचा चेहरा पांढरा पडला होता. "संपलं," ते म्हणाले. "पडलोच होतो."

"पडला नाहीत," हळूबाई म्हणाल्या. "पाय स्वतःहून पुढे गेला तुमचा. पूर्वी गेला नसता. त्याला आठवायला लागलंय."

पावसाळा सरता सरता एका सकाळी आजोबांनी वर्ग संपल्यावर आजींना धरायला आपला दंड पुढे केला. "चल, तळ्याकडून जाऊ." खिडकीतून मंडळी बघत राहिली. ती दोघे जिना उतरली, फाटकाशी थांबली आणि घराच्या उलट्या दिशेला वळली. हळूबाई चष्मा पुसत बसल्या, बराच वेळ.

दोघांचे असे फिरणे पुष्कळ वर्षे चालले. मग आजोबा गेले. अंथरुणात, शांतपणे.

काही दिवसांनी आजी मुलाबरोबर आल्या. मुलाने सवयीने मला पुढे ओढले. "आई, तू बस." आजींनी मान हलवली. चाचपडत त्या माझ्या मागे आल्या. माझ्या पाठीवरचे पॉलिश एका जागी पार उडून लाकूड गुळगुळीत झाले होते. ती जागा बोटांना लागली तसा त्यांनी तिथे हात ठेवला आणि श्वास घेतला. मुलगा क्षणभर घुटमळला, मग शेजारची खुर्ची धरून उभा राहिला.

मित्रांनो, आता माझा एक सांधा करकरतो. कुणी आवळून दिला तर बरे होईल, पण ते सवडीने करा. तुमच्या घरातले म्हातारे माणूस उठू लागले, तर दर वेळी "तुम्ही बसा" म्हणू नका. जवळ उभे राहा, हात तयार ठेवा आणि त्यांना उठू द्या. वेळ लागेल, लागू द्या. बसायला काय, मी आहेच.