टेबलाची गप्प बाजू

माझ्या मधल्या दोन फळ्यांच्या सांध्यात एक फट आहे. जानेवारीत तिच्यातून पोस्टकार्ड सहज खाली जाते. ऑगस्टमध्ये साधा कागदही जात नाही. दमट हवेत लाकूड रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ मुळीच नाही. खोलीत एसी आल्यापासून हा फरक कमी झाला आहे, पण गेलेला नाही. मला घडवणाऱ्या धोंडू सुताराला लाकडाचा हा स्वभाव ठाऊक होता. म्हणून त्याने फळ्या खिळ्यांनी आवळल्या नाहीत, त्यांना हलायला थोडी जागा ठेवली.

मित्रांनो, मी एक जुने सागवानी टेबल आहे. लालबागच्या एका गिरणीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत माझा जन्म झाला आणि त्या खोलीबाहेर मी कधीच गेलो नाही. धोंडूने मला आतच जोडले. मी दारापेक्षा रुंद झालो आहे हे सगळ्यांच्या नंतर लक्षात आले. गिरणीचे साहेब संतापले, तेव्हा धोंडू शांतपणे म्हणाला, "साहेब, टेबल काय चौपाटीवर फिरायला जाणार हाय?"

ती खोली नक्षी खात्याची होती. शामराव नावाचे गृहस्थ माझ्यावर चौकटींचा कागद पसरून साड्यांच्या काठांच्या वेली काढत. काढून झाले की मागांवर देखरेख करणारे जॉबर गुणाजी वर येत. ते मालवणकडचे. कागदावर बोट ठेवून ते म्हणत, "शामरावानू, येल कागदार बरी दिसता. मागार चढली की धागो तुटतलो."

"तुमचा मागच रुसका आहे, गुणाजी."

"माग रुसको नाय. तुमची येल नखरेल."

मग दोघे माझ्यावर वाकत. कधी शामराव दोन पाने कमी करत, कधी गुणाजी मागाची चाल कमी करायला कबूल होत. ज्याने माघार घेतली तो तसे स्पष्ट बोलून दाखवी, दुसरा पानाचा डबा पुढे करी, आणि काम खाली मागावर जाई. त्या काळी येणारे-जाणारे माझ्यावरून हात फिरवत आणि म्हणत, असे टेबल सबंध गिरणगावात नाही.

मग १९८२ साल उजाडले. जानेवारीतला तो दिवस मला आठवतो. माझ्यावर काठाच्या दोन नक्ष्या शेजारी शेजारी पडल्या होत्या. त्यांतली कोणती घ्यायची यावर वाद चालला होता. "उद्या ठरवू," शामराव म्हणाले आणि दिवा मालवून गेले. दुसऱ्या दिवशी गिरणी बंद होती. संप सुरू झाल्याचे मी खिडकीतून ऐकले. तो संपला असे मात्र मला कुणी येऊन सांगितले नाही.

ते दोन कागद वर्षानुवर्षे माझ्यावर पडून राहिले. आधी कडा पिवळ्या पडल्या, मग कसर लागली. न ठरवलेली गोष्ट जिथे ठेवली तिथे तशीच राहील असे माणसांना वाटते. मी ती हळूहळू खाल्ली जाताना पाहिली आहे.

पुष्कळ वर्षांनी खोलीचे कुलूप उघडले. आवारात काचेच्या कचेऱ्या झाल्या होत्या. कामगारांनी मला तोडून बाहेर काढायची तयारी केली, तेव्हा एक जाडजूड गृहस्थ धावत आले. "अरे अरे, तोडताय काय! एवढं टेबल ठेवायला आमच्या गिरगावात आख्खी चाळ लागली असती!" ते चिंतामणी. गिरगावातल्या दोन खोल्यांत त्यांनी सॉफ्टवेअरची छोटी कंपनी काढली होती आणि आता ती या खोलीत येत होती. त्यांनी मला पॉलिश करून घेतले. मी पुन्हा कामाला लागलो.

या मंडळींची एक रीत होती. चिंतामणींना सगळे 'चिंतूदादा' म्हणत आणि सगळे त्यांच्याशी भांडत. नवा आलेला मुलगाही म्हणे, "दादा, हे काही पटत नाही हां." दादा म्हणत, "तुला काय पटतं ते बोल की मग, लोणचं घालतोस काय त्याचं?" चारचार जण एकदम बोलत. ज्याला हरकत असेल तो ओरडे. त्यामुळे कुणी ओरडेनासा झाला की गोष्ट मान्य झाली, असे सगळे समजत आणि लगेच कामाला लागत.

एकदा त्यांना परळच्या एका इस्पितळाचे काम मिळाले. रुग्णाला कोणते औषध द्यायचे, दिले की नाही, हे नर्सने वॉर्डातच कॉम्प्युटरवर नोंदवायचे. काम मोठे होते, म्हणून एका मोठ्या कंपनीबरोबर मिळून करायचे ठरले. त्या कंपनीची कार्यालये अनेक शहरांत होती. तिचे लोक माझ्या खिडकीकडच्या बाजूला बसू लागले, गिरगावचे दाराकडच्या.

त्यांची रीत वेगळी होती. ते आपल्या वरिष्ठाला नुसत्या नावाने हाक मारत, 'जयवंत'. दादा नाही, साहेब नाही. पण चारचौघांत त्याच्याविरुद्ध एक शब्द कुणी काढत नसे. नापसंती असेल तर माणूस गप्प बसे, आणि नंतर जयवंतच्या खोलीत जाऊन एकट्यात सांगे. त्यांच्याकडे गप्प बसणे म्हणजे मान्य नसणे.

आता मित्रांनो, तुम्हाला पुढचे कळलेच असेल.

पहिल्या बैठकीत कालिंदीने माझ्यावर आपली चित्रे मांडली. ती गिरगावच्या कंपनीत स्क्रीनची रचना करायची. बारीक आवाजाची पण हट्टी मुलगी. तिचे म्हणणे असे होते की नोंदीत काही चुकतेसे दिसले तर स्क्रीनने नर्सला थांबवावे. केसपेपर पुन्हा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये. "कुणाला काही अडचण?" तिने विचारले. दाराकडच्या बाजूने नेहमीसारखा गोंधळ घातला आणि शेवटी मान्य केले. खिडकीकडची बाजू गप्प होती.

"चला, सगळे गप्प, म्हणजे ठरलं," दादा म्हणाले. "लागा कामाला."

दोन महिने त्यांनी काम केले. मग पहिल्यांदा ते चालवून दाखवले, तेव्हा जयवंत सौम्यपणे म्हणाला, "पण हे आपण मान्य केलं नव्हतं."

"म्हणजे? तुम्ही कोणी नाही म्हणाला नाहीत!"

"आम्ही हो तरी कुठे म्हणालो?"

दादा लाल झाले. "अहो, समोर बसून नाही म्हणायला काय टॅक्स लागतो?"

"आणि तुम्ही आमच्यासमोर आपसात भांडत होता," जयवंत म्हणाला. "आम्हाला वाटलं, तुमचंच अजून ठरायचंय. भांडण मिटलं की कळवाल."

खोटे कुणीच बोलत नव्हते.

जयवंतचा मुद्दाही पोकळ नव्हता. त्याने इतर इस्पितळांत पाहिले होते. यंत्र पावलोपावली अडवू लागले की माणसे न वाचताच बटण दाबायला शिकतात. म्हणून त्यांच्या कंपनीचा नियमच होता, वापरणाऱ्याला कधी थांबवायचे नाही. फार तर लाल पट्टी दाखवायची.

मग नियमाप्रमाणे नुसती लाल पट्टी ठेवून चाचणी झाली. इस्पितळातून काही शिकाऊ नर्स आल्या आणि माझ्यावर कॉम्प्युटर ठेवून त्यांनी खोट्या रुग्णांना खोटी औषधे दिली. एका खोट्या रुग्णाच्या केसपेपरवर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली होती. त्याला पेनिसिलिन देताना लाल पट्टी आली. घाईत असलेल्या मुलीने ती न पाहता पुढे नोंद केली आणि पुढच्या रुग्णाकडे गेली. कुणी तिला रागावले नाही. पण कालिंदीने आपली चित्रे पुन्हा माझ्यावर पसरली.

त्या दुपारी सगळे जेवायला गेले. मागे राहिली कालिंदी आणि खिडकीकडच्या बाजूचा रघुवीर. तो दादरचा, जयवंतच्या हाताखाली काम करणारा, बैठकीत कधी तोंड न उघडणारा. त्याने तिच्या चित्रावर पेन्सिलीने दोन खुणा केल्या.

"सगळीकडे नको थांबवायला, जयवंतचं बरोबर आहे. पण दोन ठिकाणी थांबवायलाच हवं. ॲलर्जी लिहिलेली असेल तिथे, आणि तोच डोस आधी दिलेला असेल तिथे."

कालिंदीने विचारले, "अरे, मग हे तू मीटिंगमध्ये का नाही बोलत?"

"आमच्यात तसं बोलत नाहीत. जयवंतला एकट्यात सांगेन."

त्याने सांगितले. जयवंत म्हणाला, "बघू." पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगितले. "बघू." असे कित्येक आठवडे गेले. करारात असे होते की एकमत झाले नाही तर मोठ्या कंपनीचा नियम चालेल. म्हणजे काहीच ठरले नाही, तरी नुसती लाल पट्टीच वॉर्डात जाणार होती. दाराकडची बाजू प्रत्येक बैठकीत आणखी मोठ्याने ओरडू लागली. खिडकीकडची आणखी गप्प होऊ लागली.

मित्रांनो, माझ्यावर गरम कप ठेवू नका, कर्कटकाने नावे कोरू नका, हे तर मी सांगेनच. लाकडाला जखम झाली की ती भरून येत नाही. पण मला दुसरी काळजी त्याहून मोठी वाटते. समोरचा गप्प असेल, तर त्याच्या वतीने तुम्हीच हो म्हणून टाकू नका. त्याला विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत थांबा. आणि तुम्ही स्वतः गप्प असाल, तर तुमचा नकार समोरच्याला आपोआप कळेल या भरवशावर राहू नका. माझ्या दोन्ही बाजूंना बसलेली माणसे भली होती. तरी त्यांच्या हातून एक घातक गोष्ट घडण्याच्या बेतात होती.

शेवटची बैठक शनिवारी होती. सोमवारपासून वॉर्डातल्या नर्सचे शिक्षण सुरू व्हायचे होते, म्हणून इस्पितळातून सिस्टर गुणवंती स्वतः आल्या. त्या शीव कोळीवाड्याच्या. आल्या आल्या त्यांनी पिशवी माझ्यावर ठेवली आणि कालिंदीला विचारले, "काय गो बाय, ठरलं काय? माझ्या पोरींना शिकवू काय? थांबतंय की नाय थांबत?"

"सिस्टर, तुम्हीच सांगा ना," दादा म्हणाले.

"मला नको इचारू. अडवलं तं मी शिव्या घालीन, नाय अडवलं तं मला झोप नाय यायची. मी दोन्हीकडून बोलन. तुमी शिकलेली माणसं, तुमी ठरवा."

त्या सकाळी कालिंदीने आपल्या माणसांना आधीच बजावले होते, "आज मी प्रश्न विचारल्यावर कुणी बोलायचं नाही. कुणीच नाही. दादा, तुम्हीसुद्धा."

"मी कुठे बोलतो?" दादा म्हणाले होते, आणि सगळे हसले होते.

आता तिने रघुवीरच्या खुणांचे ते चित्र माझ्या मधोमध ठेवले. "या दोन ठिकाणी स्क्रीनने थांबवावं का? मला तुमच्या बाजूचं ऐकायचंय," ती खिडकीकडे पाहत म्हणाली.

दादांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. त्यांच्या शेजारच्या मुलाने तोंड उघडले, तशी दादांनी त्याला माझ्याखालून लाथ मारली. ती माझ्या पायाला लागली. एसीचा आवाज ऐकू येऊ लागला. या खोलीत गिरगावकर बसलेले असताना तो मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी रघुवीरकडे पाहत होतो. या क्षणी तो बोलला तर जयवंतचा चारचौघांत अपमान होणार होता, आणि त्याच्या कंपनीत असले काही विसरले जात नसे. नाही बोलला, तर काहीच न ठरता सगळे उठणार होते.

"जयवंत," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर बोलतोय. मला आपला नियम इथे मान्य नाही. लाल पट्टी पुरत नाही. त्या दिवशी त्या मुलीने ती पाहिलीच नाही. या दोन ठिकाणी थांबवायला हवं."

खिडकीकडच्या बाजूला कुणीही मान वर केली नाही.

"हे तू मला खोलीत सांगितलं होतंस," जयवंत म्हणाला.

"हो."

"मग आज इथे का?"

"तू बघू म्हणालास. सोमवारी शिकवायला सुरुवात आहे."

जयवंतने चित्र स्वतःकडे ओढले. त्यावरच्या दोन्ही खुणांवर बोट ठेवून पाहिले. त्याने दाराकडे पाहिले, जणू तिथून कुणी ओरडेल आणि त्याचे उत्तर द्यायचे टळेल. कुणी ओरडले नाही. शेजारी बसलेला त्याचा एक सहकारी हळूच म्हणाला, "मलाही रघुवीरचं पटतं." आणि चष्मा पुसू लागला.

"हेही मला आजच कळतंय," जयवंत म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, आणि थोडे नवलही होते.

गुणवंतीबाईंनी पिशवी उचलली नाही. "मंग?" त्या म्हणाल्या. "काय सांगू पोरींना?"

जयवंतने चित्र परत माझ्या मधोमध ठेवले.

"सिस्टर," तो म्हणाला, "त्यांना सांगा, ॲलर्जी असेल तर स्क्रीन थांबेल, आणि डोस आधीच दिलेला असेल तर थांबेल. बाकी कुठेही थांबणार नाही."