दारातला डांगरवाला

करुणाताईंनी चातुर्मासात काही ना काही नेम धरायचा, याची सिडकोतल्या त्या गल्लीला सवयच होती. एका वर्षी वांगं सोडलं, एका वर्षी जेवताना बोलणं. यंदा मात्र देवापुढं पाणी सोडून त्यांनी भलताच नेम धरला. रोज आंघोळ झाली की गोष्टीचं एक पान लिहायचं, आतून येईल तोच शब्द ठेवायचा, खाडाखोड करायची नाही, आणि पान भरल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही.

पावणेचार महिने हात सुरळीत चालला. मग एका सकाळी पानावर वैजापूरचा एक माणूस आला, खांद्यावर भलंमोठं डांगर घेऊन. लाल भोपळा, चांगला बारा किलोचा. कशासाठी, ते करुणाताईंनाही ठाऊक नव्हतं. क्रांती चौकात उतरून तो चालत एका दारापाशी आला. आतून एका बाईनं दार उघडलं, 'काय काम काढलं?' म्हणून विचारलं, आणि गोष्ट तिथंच अडली. दुसऱ्या दिवशी बाईनं तेच विचारलं, त्यानं डांगर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. अशी आठ पानं झाली.

आज द्वादशी, नेमाचं उद्यापन. पाच मेहुणं, म्हणजे दहा माणसं, पत्रावळींपुढं बसली होती. कालची एकादशी सगळ्यांनाच, आणि पंचांगात द्वादशी दीडला संपत होती, त्याच्या आत उपास सुटायला हवा. शेवटचं पान भरलं की नैवेद्य, मग पंगत. करुणाताई देवघरापुढं वही घेऊन बसल्या होत्या.

"किती राहिलं गं?" यजमानांनी, बद्रीनाथरावांनी, हळूच विचारलं.

"तो हलंना झालाय."

"कोण?"

"डांगरवाला."

बातमी पंगतभर झाली. सिल्लोडहून आलेले कडुबामामा म्हणाले, "सूनबाई, त्याला म्हणावं पाऊण वाजला. माझी साखर उतरायली."

शेजारचे गोकुळ सर तीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होते. ते म्हणाले, "वहिनी, साधी गोष्ट आहे. डांगर आणलंय म्हणजे ते फुटलं पाहिजे. फोडा आणि संपवा."

"फोडायचं कोणी, सर?"

"कोणीही. आत काय निघतं ते बघू."

"आत बिया निघतील," मामा म्हणाले. "दुसरं काय निघंल? शाळंत हेच शिकवलं व्हय?"

सरांच्या मंडळींनी, सुरेखाबाईंनी, मोबाइललाच शेवट विचारला. त्यानं दहा सेकंदांत तीन दिले. एकात तो माणूस त्या बाईचा लहानपणी हरवलेला भाऊ निघाला. तो वाचताना सुरेखाबाईंचा आवाज भरून आला.

करुणाताईंनी पेन टेकवलं. शाई उतरली नाही. झटकलं, तर ठिपका अंगठ्यावर पडला.

"भाऊ नाही तो," त्या खाली मान घालून म्हणाल्या.

"कशावरून?"

"मला वाटत नाही."

बद्रीनाथराव कानाशी लागले. "लिही काहीतरी. देवाला कुठं कळायलंय कोण कुणाचा भाऊ." मग देवघराकडं बघून त्यांनी स्वतःच्या थोबाडीत हळूच मारून घेतल्या.

"मला कळंल ना," करुणाताई म्हणाल्या. चार महिन्यांत एकही शब्द त्यांनी ढकलून बसवला नव्हता. आज एक खोटा घातला तर नेम मोडला. नाही घातला तर दहा माणसं पानावरून उपाशी उठणार. त्यांचे डोळे भरून आले.

एक वाजला. कोपऱ्यात जप करत बसलेल्या सासूबाई, द्वारकाबाई, एकदम म्हणाल्या, "कितवा दिवस त्याचा?"

"नववा, आत्याबाई."

"अन् ती दारातली बाई काय म्हणती त्याला?"

"काय काम काढलं, विचारती."

द्वारकाबाईंनी माळ खाली ठेवली. "नऊ दिवस कामच विचारायली? वैजापूरहून आलेल्या माणसाला पाणी कोण देणार? असली बाई तू लिहिलीच कशी गं?"

करुणाताई लाजेनं कानापर्यंत लाल झाल्या. आणि हात चालू लागला, लिहितील तो शब्द त्या मोठ्यानं म्हणत होत्या. बाईनं तांब्या आणला. माणसानं डांगर उंबऱ्याबाहेर ठेवलं, पाय धुतले, घटाघटा पाणी प्याला, 'या, बसा' म्हटल्यावर आत आला. पान भरत गेलं. वर न बघताच करुणाताई म्हणाल्या, "एक पत्रावळ वाढवा."

सत्तावीस वर्षांच्या संसारात बद्रीनाथराव एवढं शिकले होते की अशा वेळी विचारायचं नसतं. त्यांनी अकरावी पत्रावळ मांडली. मामा गुमान सरकले.

एक वाजून वीस मिनिटांनी वही मिटली. नैवेद्य झाला, येसर आमटीचा वास घरभर सुटला.

"पण वहिनी," दुसऱ्या पुरणपोळीला सरांना राहवेना, "डांगर कशाला आणलं होतं त्यानं?"

"विचारलं नाही मी, सर."

"वाचक विचारतील ना."

"जेवत्या माणसाला कसं विचारायचं?" करुणाताई अकराव्या पानावर तूप वाढत म्हणाल्या.

विडे घेऊन पाहुणे निघाले. दारात मामांनी धोतर सावरून, काहीतरी ओलांडावं तसं उंबऱ्याबाहेर जरा लांबच पाऊल टाकलं. त्यांच्या मागून सुरेखाबाईंनीही तसंच टाकलं. सर क्षणभर थांबले, खाली बघितलं, कुणी बघत नाही अशी खात्री केली, आणि बाजूनं वळसा घालून गेले.