दिवंगतांच्या रकान्यातला खडू

"पत्र परत आलं म्हणजे माणूस संपला, असं धरून चालू नकोस हं पोरी. आधी फोन कर. फोन नाही लागला तर त्याच्या वर्गातल्या कुणाला तरी गाठ. तरीही नाही कळलं, तर रकाना मोकळा ठेव. मोकळा रकाना कुणाला चावत नाही."

निवृत्तीच्या दिवशी कपाटाची किल्ली हातात ठेवताना मोठ्या बाईंनी तिला असं बजावलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी कॉलेजचा माजी विद्यार्थी कक्ष एकहाती सांभाळला होता. तिचं मात्र अर्धं लक्ष घड्याळाकडे. पाळणाघर सहाला बंद व्हायचं, आणि सहा वाजून पाच मिनिटांनी तिथल्या काकू लेकीला चपला घालून दारात उभी करायच्या. "हो हो बाई, आणि आता तर सगळं मशीनच करतं," असं हसून म्हणत तिने पर्स उचलली आणि धूम ठोकली.

त्याला दोन वर्षं झाली. आज सकाळी टेबलाशी बसते न बसते तोच फोन वाजला.

"तुम्हीच का त्या कॉलेजच्या पत्रिकेवाल्या?" आवाज वयस्कर बाईचा, पण खणखणीत.

"हो, बोला ना."

"मी काय बोलणार? तुम्हीच बोला. माझा भाऊ कधी गेला ते सांगा."

"म्हणजे? मला कळलं नाही, मावशी."

"मलाही नाही कळलं! शेजारणीच्या जावयाकडे तुमची पत्रिका येते. त्यात श्रद्धांजली छापलीय. फोटो बरा आलाय, तेवढं एक चांगलं केलंत. पण भाऊ आतल्या खोलीत बसून गुडघ्याला तेल चोळतोय. त्याला विचारू का, कसा काय गेलास म्हणून?"

तिने नाव विचारलं. ते ऐकून तिने हातातलं पेन खाली ठेवलं. दुसरं कुठलंही नाव असतं तर एकवेळ चाललं असतं.

हे नाव होतं खडूचं. बेचाळीस वर्षांपूर्वीच्या बॅचमध्ये त्याला सगळे खडूच म्हणत, कारण त्याच्या खिशात कायम खडू असायचा. परीक्षा जवळ आली की रोज संध्याकाळी वसतिगृहाच्या जिन्याखाली तो अख्ख्या बॅचला गणित शिकवायचा, भिंतीवर लिहून. शेवटच्या वर्षाला वडील वारले, आणि खडू शिक्षण सोडून नोकरीला लागला. ज्यांना त्याने पास केलं ते इंजिनिअर झाले, प्राध्यापक झाले. त्याची पदवी तेवढी राहिली.

श्रद्धांजली छापून आली त्याच आठवड्यात फोन सुरू झाले होते. "आमचा खडू गेला? आता त्याच्या नावाने काहीतरी करायलाच हवं." त्रेसष्ट जणांनी पैसे पाठवले, आणि प्रत्येकाने सोबत पत्र. त्यातून खडूचा स्मृती निधी उभा राहिला. शेवटच्या वर्षाला पैशाअभावी ज्यांचं शिक्षण सुटेल त्यांची फी त्यातून भरायची. पहिल्या दोन मुली बसल्याही होत्या वर्गात. कक्षाच्या इतिहासात एवढा प्रतिसाद कधी मिळाला नव्हता. साहेबांनी भर सभेत तिला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या, आणि त्या दिवशी घरी जाताना तिची मान अशी ताठ होती की नवऱ्याने विचारलं, "मानेला उसण भरली की काय?"

आता तिने मशीनवर खडूची नोंद उघडली. नोंद तिनेच बंद केलेली. तारीख तीस, वेळ पाच पन्नास.

सगळं लख्ख आठवलं. पत्र तीनदा परत आलेलं, फोन बंद. महिनाअखेरीला अशा नोंदी बंद कराव्या लागत, आणि मशीन कारण मागे. ‘पत्ता बदलला’ निवडलं की ते नवा पत्ता विचारी. ‘परदेशी’ निवडलं की देश विचारी. ‘संपर्क नको’ म्हटलं की सहीचं पत्र जोडा म्हणे. ‘दिवंगत’ म्हटलं की गप्प. मेलेल्या माणसाबद्दल मशीनला पुढे काही विचारायचं नसे. त्या दिवशी लेकीच्या अंगात ताप होता, पाळणाघरातून दोनदा फोन आला होता. तिने ‘दिवंगत’वर टिचकी मारली आणि पळाली. पुढच्या अंकाच्या श्रद्धांजल्या मशीनने त्या नोंदींवरूनच काढल्या.

गॅस बंद केला की नाही हे बघायला जिन्यावरून तीनदा परत जाणारी ती. झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी ती. आणि एका जित्याजागत्या माणसाला मारताना तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कुणाकुणाला माहितीय?"

"त्यांच्या बहिणीला. त्यांना स्वतःला अजून सांगितलं नाहीये."

"मग झालं तर. ‘स्मृती निधी’चा ‘सन्मान निधी’ करून टाका. फलक बदला, विषय संपला."

"आणि ज्यांनी पैसे दिले ते?"

"अहो, त्यांना कशाला जागं करताय? उद्या म्हणतील, जिवंत आहे तर आमचे पैसे परत करा. त्या दोन मुलींची पुढची फी कोण भरणार मग? तुम्ही?"

त्या मुलींपैकी एकीचा थकलेला, झोपाळू चेहरा तिला दिसत होता. सकाळी कुठल्याशा दुकानात काम करून ती कॉलेजला यायची. खरं बोललं तर निधी जाईल, नाही बोललं तर... नाही बोललं तर तो माणूस त्या त्रेसष्ट जणांच्या लेखी मेलेलाच राहील.

"साहेब, मला उद्याची रजा हवीय," ती म्हणाली.

"कशाला?"

"त्यांना भेटायला. मारलंय मी, तर तोंड तरी दाखवायला नको?"

पाणीपुरवठ्याच्या जुन्या कामगार वस्तीत तळमजल्यावर दोन खोल्या होत्या. बहिणीने दार उघडलं, तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि आत हाक मारली, "भाऊ, आली बघ. ती तुझी यमीण."

खडू खाटेवर बसला होता. किडकिडीत, डोक्यावर पांढरे खुरटे केस, गुडघ्याला पट्टा. बहिणीने सकाळीच त्याच्या कानावर घातलं असावं, कारण त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा:

"कुठल्या तारखेला गेलो मी?"

"तीस तारखेला," ती म्हणाली. "संध्याकाळी पाच पन्नासला."

"पाच पन्नास." त्याने विचार केला. "त्या वेळी मी गच्चीवर टाकी बघायला गेलेलो असतो. म्हणजे तसा वरच्या वाटेवरच होतो म्हणा."

"भाऊ!" बहीण ओरडली.

"मला माफ करा, काका," तिने कसंबसं म्हटलं, आणि मशीनचं सगळं रामायण सांगितलं. तो कान देऊन ऐकत होता. पुढचा प्रश्न बारीकसा: "पत्ता बदलला, पण नवा माहीत नाही, याला वाटच ठेवली नाहीये?"

"नाही."

"मग ती वाट काढून घ्या तुमच्या मशीनवाल्याकडून. सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवले की दाब कुठून तरी फुटणारच. या वेळी माझ्यावर फुटला. चौतीस वर्षं पंप चालवलाय मी, मला नका सांगू." मग जरा थांबून म्हणाला, "आणि पत्ता मी मुद्दामच कळवला नव्हता. मी कुठला तुमचा माजी विद्यार्थी? पदवी कुठंय माझ्याकडे?"

तिने पिशवीतून जुनं, कडा झिजलेलं कार्ड काढलं. निघताना कपाटात शोधून घेतलं होतं. त्याच्या नावाखाली मोठ्या बाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: पदवी नाही. तरी ठेवणे.

खडूने ते कार्ड बराच वेळ हातात धरलं. मग तिने पत्रांची फाइल त्याच्या मांडीवर ठेवली. "ही त्रेसष्ट आहेत. तुम्ही गेलात म्हणून लिहिलेली."

त्याने भिंग मागितलं. एकेक पत्र सावकाश, ओळीखाली बोट धरून वाचू लागला. बहिणीने स्वयंपाकघरात भांडी आपटायची थांबवली. सातव्या की आठव्या पत्राशी तो अडला आणि मोठ्याने वाचलं, "‘तू मिळवून दिलेल्या पस्तीस गुणांवर माझा सगळा संसार उभा आहे.’" मान हलवली. "खोटारडा लेकाचा. अडतीस मिळाले होते त्याला."

आणि मग त्याने भिंग खाली ठेवलं आणि चेहरा भिंतीकडे वळवला.

"बेचाळीस वर्षं मला म्हणतोय, तीन वर्षं फुकट घालवली मी तिथे," बहीण दारातून हळूच म्हणाली. तिच्या आवाजातला खणखणाट कुठल्या कुठे गेला होता. "वाच ना रे पुढचं. मलाही ऐकू दे."

निघताना तिने शेवटी विचारलं, "काका, निधीचं काय करायचं? साहेब म्हणतात, नुसतं नाव बदलू."

"पैसे माझे आहेत का? ज्यांनी दिले त्यांना विचारा. एकेकाला. खरं काय ते सांगून विचारा." तो तिच्याकडे मास्तर बघतो तसं बघत होता. "फाटली ना? मला माहितीय. पण उत्तर चुकलं की पुसायचं ते फळ्यावर, सगळ्यांसमोर. मनातल्या मनात पुसून नाही चालत." आणि ती उंबरठ्यापाशी पोचल्यावर: "त्या दोन पोरी, त्यांचं गणित कसंय?"

"एकीचं कच्चं आहे."

"पाठवा तिला. फी भरून काय उपयोग, नापास झाली तर?"

तीन दिवस ती फोन करत होती. पहिला फोन तिने ‘बुलेट’ला लावला, बॅचचा म्होरक्या, निवृत्त इंजिनिअर, ज्याचा आवाज फोनशिवायही ऐकू आला असता. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं आणि डोळे मिटून घेतले.

"म्हणजे जिवंत आहे? ए बाई, थट्टा नाही ना करत तू?"

"नाही, सर. चूक माझी आहे. तुम्हाला पैसे परत हवे असतील तर..."

"पैसे गेले खड्ड्यात! नंबर दे त्याचा. अगं, तो गेल्याचं वाचून मी दोन दिवस जेवलो नव्हतो, त्याची भरपाई देतेस का?" आणि एवढा मोठा माणूस फोनवर नाक ओढत हसायला लागला.

सगळेच असे निघाले नाहीत. दोघांनी तिला चांगलंच झापलं. एकाने तर ‘असल्या कामाला पगार मिळतो का तुम्हाला’ असं विचारलं. एका गृहस्थाने पैसे परत मागितले. "जाईल तेव्हा देईन," म्हणाले. तिने त्यांचा खाते क्रमांक नीट लिहून घेतला आणि साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला. बाकी बासष्ट जणांनी रक्कम आहे तिथेच राहू द्या म्हणून सांगितलं. साहेबांनी आकडा दोनदा वाचला. मग तिच्या नावाने लेखी समज दिली, कारण चूक ती चूक. तिने सही केली. नवऱ्याने घरी विचारलं, "लेखी समज मिळालीय, आणि तू गाणं काय गुणगुणतेयस?" तिला स्वतःलाही सांगता आलं नाही.

बॅचचा मेळावा दुसऱ्या महिन्यात होता. सभागृहाच्या दारात टेबल टाकून ती नोंदवही घेऊन बसली होती. दहाला रिक्षा थांबली. आधी बहीण उतरली, मग काठी, मग खडू. पांढऱ्या शर्टाच्या इस्त्रीच्या घड्या कागदासारख्या कडक.

आतून गलका ऐकू येत होता, पण तो आधी टेबलापाशी आला. वहीत नाव, बॅच, पदवी, व्यवसाय असे रकाने आखलेले. त्याच्याआधीच्यांनी पदवीच्या रकान्यात दोन-दोन ओळी भरल्या होत्या. ‘नाही लिहिलं तरी चालेल, काका,’ हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं.

खडूने पेन घेतलं. नाव लिहिलं. पदवीच्या रकान्यात, हात जराही न कापता, लिहिलं, ‘नाही’. आणि व्यवसायाखाली: पंपचालक, पाणीपुरवठा, चौतीस वर्षं. पाणी एक दिवसही बंद नाही.

पेन खाली ठेवून तो आत गेला. दार मिटता मिटता तिला एवढंच दिसलं, की पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत खुर्च्या मागे सरकत होत्या. साठी ओलांडलेली, पासष्टीला टेकलेली माणसं, कुणी काठीवर, कुणी शेजाऱ्याच्या खांद्यावर भार देऊन, एकामागून एक उभी राहत होती. टाळी कुणीच वाजवली नाही. वर्गात मास्तर आल्यावर कुठे कुणी टाळ्या वाजवतं?

पत्रिकेच्या पुढच्या अंकात खुलासा आला. साहेबांनी दोन ओळींचा मसुदा दिला होता. तो बाजूला ठेवून तिने स्वतः लिहिला, आणि खाली स्वतःची सही केली:

"मागील अंकात आपल्या एका माजी विद्यार्थ्याला श्रद्धांजली वाहिली गेली. ते हयात आहेत, दर गुरुवारी कॉलेजात गणित शिकवतात. चूक माझी, कुणा यंत्राची नव्हे. त्याच बॅचमधल्या आणखी चौघांचा पत्ता आम्हाला लागत नाही. त्यांची नावं खाली दिली आहेत, त्यांपुढचा रकाना मी मोकळा ठेवला आहे. त्यांतल्या एक बाई मुलींच्या वसतिगृहात जिन्यालगतच्या खोलीत राहायच्या, त्यांना शेवटचं पाहून अकरा वर्षं झाली. वाचकहो, तुमच्या गल्लीत, तुमच्या इमारतीत त्या राहत असतील. पत्र पाठवू नका. स्वतः जा, दार वाजवा, जरा वाट बघा, पुन्हा वाजवा. उघडलं, तर एवढंच सांगा, कॉलेजातून विचारलंय, कशा आहात?"