गाय पाणी पीत नाही

गाय टाकीशी यायची, नाक लावायची आणि फुत्कारून मागं सरायची. ऊन असं, की मातीला भेगा पडलेल्या.

"माजलीय," नवऱ्यानं काठी उगारली.

"अहो, मारू नका. पाण्यात करंट उतरतोय," सून म्हणाली. "टाकी घासताना कोपरापर्यंत मुंग्या आल्या मला."

"काम निघालं की तुला मुंग्या येतातच."

ओट्यावरून सासू खदखदून हसली.

पत्र्याच्या टाकीला खेटून चारा कापायचं मशीन. त्याला हात लावायचा तर आधी रबरी चपला चढवायच्या, हा घरचा नियम. चपलांचा जोड एकच. झटका बसला तर चूक अनवाणी माणसाची. मशीनची कधीच नाही.

आता गायीला चपला कोण घालणार?

सुनेनं वायरमनला बोलावून आणलं. त्यानं मशीनची पिन काढून बोर्डात टेस्ट दिवा लावला. दोन भोकांत लख्ख. एक तार तिसऱ्या भोकात सरकवली.

अंधार.

"हा बोर्ड कुणी बसवला?"

"मीच की," नवरा ऐटीत म्हणाला. "जुना दोन भोकांचा होता, तीनचा आणला. झालं अर्थिंग."

"दादा, दार बसवलंत, पण मागं वाटच नाही! तिसऱ्या भोकाला तारच नाही. आणि मशीनच्या पोटात कुठंतरी वायर पत्र्याला लागलीय. अर्थिंगची तार ओल्या मातीत पुरावी लागते; इथं ओल लागेपर्यंत खड्डा खणून ठेवा, उद्या सामान आणतो. तोवर मेन बंद. हात लावायचा नाही."

"बरं बरं."

हे 'बरं बरं' सुनेला चांगलं ठाऊक होतं.

ती भांडी घासत होती. मशीन घरघरलं. गोठ्यात नवरा, पायात चपला, पेंढ्या सारतोय. तिकडून सासू बादली घेऊन, अनवाणी, चुचकारत, "ये गं बाई, मी पाजते तुला" आणि एक हात टाकीच्या काठावर

आवाज नाही. नुसती ताठ.

"आईला धर! अगं, धर!" नवरा ओरडला.

सून उलटी पळाली. पडवीत. मेन खाली ओढला. मशीन थांबलं तेव्हा सासू जमिनीवर होती. सुनेनं छाती दाबली, दाबत राहिली, हात भरून आले तरी. उठली नाही म्हातारी.

बायका भेटायला आल्या.

"हाकेवर होती म्हणे सून."

"हात द्यायचा सोडून घरात पळाली!"

"कितीही झालं तरी सुनेला सासू परकीच."

सुनेनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याला ठाऊक होतं. शिवली असती तर तिरड्या दोन उठल्या असत्या.

"घाबरली असेल बिचारी," तो म्हणाला.

तिनं पदर खोचला, कोपऱ्यातली पहार उचलली. वायरमननं दाखवलेल्या जागी खणू लागली. वरची माती दगडासारखी. पहार खणखणत होती, मागं बायका बोलत होत्या. ओल लागेपर्यंत ती थांबली नाही.